फराळाचा डबा किती वेळा उघडला?

दिवाळीत घरोघरी दिसणारी दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. थोरला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जेवायला बसला की पानातले तीन बेसनलाडू एका बैठकीत संपवतो, वर वाटीभर बासुंदी पितो आणि हात धुऊन खेळायला पळतो. धाकटी तशी गोडाची नाही. ती येता-जाता डब्यातून दोन शंकरपाळे उचलते. तासाभराने चिमूटभर चिवडा. शेजारच्या काकू आल्या की त्यांच्या बशीतली अर्धी करंजी. दुपारी टीव्हीसमोर पुन्हा शंकरपाळे. रात्री दोघांच्या पोटात गेलेली साखर मोजली तर थोरल्याची दुपटीने भरेल. "दात किडतील रे!" हा ओरडाही त्यालाच बसतो.

पण त्या दिवशी जास्त धोका झाला तो धाकटीच्या दाढांना.

हे मला उशिरा कळलं. माझी मुलगी सात वर्षांची असताना भाऊबीजेच्या रात्री तिची दाढ इतकी ठणकली की तिने उशी दातांखाली धरली. आम्ही म्हणत होतो, दुधाची दाढ आहे, पडेल. सण आटोपल्यावर दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरांनी आरसा दाखवला. ती दुधाची दाढ नव्हती. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे, कुठलाही दात न पडता, गुपचूप उगवणारी ती पहिली कायमची दाढ होती. ती जन्मभर टिकायची असते. वर्षभरात तिच्या खाचेत काळा खड्डा पडला होता. डॉक्टरांनी "गोड किती खाते?" असं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा खाते?"

या लेखात सांगायचं आहे ते या दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

कीड असते, पण किडा नसतो

आपल्या भाषेत दाताला 'कीड' लागते. त्यामुळे दात पोखरणारा एखादा किडा आत बसलेला असावा, असं वाटणं साहजिक आहे. रिंगणीच्या बियांचा धूर देऊन 'कीड पाडणारे' लोक जुन्या पिढीने पाहिलेले आहेत. जगभर हीच समजूत होती. फ्रान्सच्या पिएर फोशार या दंतवैद्याने 1728 साली आपल्या ग्रंथात दातातल्या किड्याची कल्पना नाकारली, तरी लोकांच्या मनातून तो किडा काही गेला नाही.

खरा उलगडा केला विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने. तो बर्लिनमध्ये काम करत होता. जंतुशास्त्राचा पाया घालणाऱ्या रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत तो शिकला होता. मिलरने काढलेले दात लाळेत ठेवले आणि त्यात पावाचे तुकडे टाकून ते मिश्रण शरीराच्या उबेत राहू दिलं. दात मऊ पडले. पावाऐवजी चरबी घातली तेव्हा तसं झालं नाही. 1890 साली त्याने सांगितलेलं सूत्र आजही कायम आहे: तोंडातले जंतू पिठूळ आणि गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दात विरघळवतं.

ही क्रिया आपल्या स्वयंपाकघरात रोज रात्री होते. कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं की सकाळी दही लागतं, कारण विरजणातले जंतू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात. दातांवर बोट फिरवल्यावर लागतो तो बुळबुळीत पांढुरका थर म्हणजेही एक प्रकारचं विरजणच. त्यात शेकडो जातींचे जंतू असतात. दात किडण्याच्या बाबतीत सगळ्यांत बदनाम झालेला आहे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, 1924 साली क्लार्क या ब्रिटिश संशोधकाने वेगळा काढलेला. तो साखरेपासून आम्ल तर बनवतोच, शिवाय एक चिकट खळही बनवतो. त्या खळीने तो स्वतः दाताला घट्ट बसतो आणि आम्लही तिथेच, दाताला खेटून, कोंडून राहतं. दही लागायला रात्र जाते. या थरात आम्ल तयार व्हायला काही मिनिटं पुरतात.

कडप्प्याचा ओटा आणि लिंबाची फोड

आता आम्ल दाताचं काय करतं ते पाहू. तुमच्या स्वयंपाकघरात काळ्या कडप्प्याचा ओटा असेल, तर त्यावर चिरलेल्या लिंबाची फोड राहून गेली की काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. फोड उचलली की खाली पांढरट, खडबडीत डाग. कितीही घासला तरी जात नाही, कारण तो डाग वरून लागलेला नसतो. तिथला दगडच थोडा विरघळलेला असतो.

दाताचं बाहेरचं कवच, ज्याला इनॅमल किंवा दंतवल्क म्हणतात, ते शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ आहे, हाडाहूनही कठीण. वजनाने त्यातला सुमारे 96 टक्के भाग कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचा. दाढेच्या उंचवट्यावर त्याची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर भरते, दुधाच्या दातांवर त्याहून बरीच कमी. एवढं कठीण असूनही आम्लापुढे त्याची गत कडप्प्यासारखीच होते.

आंबटपणा मोजायला शास्त्रज्ञ पीएच नावाची पट्टी वापरतात. शुद्ध पाण्याचा आकडा 7. आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त; लिंबाचा रस 2च्या आसपास असतो. दातावरच्या थरातला आकडा साधारण 5.5च्या खाली घसरला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटून बाहेर पडू लागतं.

मात्र कडप्प्याला नसलेली एक सोय दाताला आहे. ती म्हणजे लाळ.

दोरीवरचे कपडे

लाळेला आपण फारसा मान देत नाही. दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ आपण तयार करतो आणि गिळून टाकतो. ती तोंड धुते, आम्लाचा जोर मोडते, आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे तिच्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट ती दाताला परत देते. इनॅमलमधून सुटलेले कण पुन्हा जागेवर बसतात. दात दिवसभर असा थोडा झिजतो आणि थोडा भरून येतो.

भरून यायला किती वेळ लागतो? 1940च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने लोकांना साखरेच्या पाण्याने चूळ भरायला लावली आणि दातांवरच्या थरातला आंबटपणा मिनिटामिनिटाला मोजला. पाच-दहा मिनिटांत आकडा 5.5च्या खाली कोसळला, मग हळूहळू चढत पूर्वपदावर आला. याला अर्धा ते एक तास लागला. आज दंतवैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी ही वक्ररेषा शिकतो.

श्रावणात दोरीवर वाळत घातलेले कपडे आठवा. सकाळी एकच जोराची सर आली, कपडे चिंब भिजले, तरी नंतर दिवसभर ऊन पडलं तर संध्याकाळी घडी घालता येतात. पण दर अर्ध्या तासाला नुसती भुरभुर आली, तर एकूण पाऊस थोडासाच पडला असला तरी कपडे रात्रीही ओलेच, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कुबट वास. थोरल्याच्या तीन लाडवांनी दातांवर एक मोठी सर आली. लाळेने तासाभरात ती वाळवली. धाकटीच्या दाढांना वाळायला सवडच मिळाली नाही. दोन शंकरपाळ्यांनंतर आम्ल उतरू लागावं तोच चिवडा, तो निवळतोय तोच करंजी. तीन लाडवांनी आम्ल तयार होतं तसंच दोन शंकरपाळ्यांनीही होतं. थरातल्या जंतूंना पोट भरायला फार साखर लागत नाही.

स्वीडनमधल्या टॉफ्या

प्रमाणापेक्षा वारंवारता जास्त घातक, हे सगळ्यांत ठळकपणे दिसलं ते स्वीडनमधल्या लुंड शहराजवळच्या विपेहोल्म रुग्णालयात. 1940च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या चारशेहून अधिक रुग्णांना वेगवेगळ्या पद्धतीने साखर खायला दिली गेली. काहींना जेवणासोबत, काहींना दोन जेवणांच्या मधे खास चिकट बनवलेल्या टॉफ्या. निष्कर्ष 1954 साली प्रसिद्ध झाले. जेवणासोबत साखर खाणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. मधल्या वेळी टॉफी चघळणाऱ्यांचे झपाट्याने किडले.

हे रुग्ण मतिमंद होते, संस्थेत कायमचे ठेवलेले होते, आणि त्यांची संमती कुणी घेतली नव्हती. अनेकांचे दात कायमचे गेले. आज असा प्रयोग कोणी करू शकणार नाही आणि करूही नये. आपण मुलांना जे दोन शब्द सांगतो, त्यांची किंमत या माणसांनी मोजली आहे, एवढं लक्षात ठेवायला हवं. स्वीडनमध्ये पुढे मुलांना आठवडाभर खाऊ न देता फक्त शनिवारी द्यायची पद्धत रुजली. ती अजून टिकून आहे.

शनिवारच्या खाऊबद्दल वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. तिचे फराळाचे डबे माळ्यावर असत. सकाळी न्याहारीला एक ताटली, दुपारच्या चहाला एक ताटली, त्यात सगळं: लाडू, चकली, अनारसा, हवं तेवढं. मधे कोणी मागितलं तर "चारला" एवढंच उत्तर. फराळ पाडव्यापर्यंत पुरावा म्हणून ती असं करायची. दातांचा विचार तिच्या डोक्यात नसणार, पण आमच्या दातांना दोन ताटल्यांच्या मधे पाच-सहा तासांचं ऊन मिळत होतं. आता माझ्याच घरात डबे जेवणाच्या टेबलावर उघडे असतात. आल्यागेल्याला हात पोचावा म्हणून.

फराळातलं कोण किती चिकटतं

लाडूला आपण सर्वांत गोड म्हणून घाबरतो. बेसनाचा किंवा बुंदीचा लाडू तुपामुळे तोंडात विरघळतो आणि त्या मानाने लवकर उतरतो. शंकरपाळ्याचं तसं नाही. घरी करून पाहा: एक शंकरपाळा सावकाश चावून खा आणि मग जीभ मागच्या दाढेच्या वरच्या बाजूला लावा. खाचेत घट्ट बसलेला मऊ गोळा लागेल. दहा मिनिटांनी पुन्हा लावा. तो तिथेच असतो. मैदा आणि साखर यांचा तो लगदा जंतूंच्या अगदी तोंडाशी ठेवलेला असतो.

चकली, शेव आणि चिवडा 'तिखट' म्हणून सुटतात, तेही बरोबर नाही. पोह्यांतला आणि पिठातला स्टार्च लाळेतल्या विकराने तोंडातच साखरेत मोडायला लागतो. भाकरीचा तुकडा बराच वेळ चावत राहिलं की गोडसर लागतो, तो याचमुळे. तळलेल्या, कुरकुरीत पिठाचे कण दाढांच्या फटींत टॉफीपेक्षाही जास्त वेळ अडकून राहू शकतात. चिवड्यात तर आपण पिठीसाखरही भुरभुरतो.

गुळाबद्दल एक गोड गैरसमज आहे. "साखर नको, आम्ही सगळं गुळाचं करतो," असं अभिमानाने सांगितलं जातं. गुळाची चव आणि खमंगपणा मलाही आवडतो, पण दातावरच्या जंतूंना गूळ, मध, खजूर आणि साखर यांत फरक कळत नाही. चिक्की आणि गुळपापडी तर दाढेला धरून बसतात. संक्रांतीचा हलवा तोंडात ठेवून चघळणं ही आणखी लांबलेली भुरभुर.

थंड पेय, लिंबूसरबत आणि कोकम सरबतात आम्ल आणि साखर दोन्ही असतात. ते घोट घोट करत तासभर पिण्यापेक्षा जेवताना पिऊन मोकळं व्हावं. त्यानंतर लगेच ब्रश मात्र करू नये. आम्लाने वरचा पापुद्रा मऊ पडलेला असतो, त्याला घासण्याआधी अर्धा तास द्यावा. तोवर पाण्याची चूळ पुरे.

आचवण्याची सवय

जुन्या घरांत जेवण झालं की उठून आचवायची रीत होती. मोरीशी जाऊन तांब्याभर पाण्याने हात धुवायचे आणि खळखळून चूळ भरायची. आज हॉटेलात वाटीत लिंबू टाकून बोटं बुडवली की आपण आचवलो. चूळ भरल्याने चिकट थर निघत नाही, हे खरं; पण दाढेवरचा सैल लगदा निघतो आणि आम्ल पातळ होतं. एकदा फराळानंतर चूळ भरून ती पांढऱ्या भांड्यात टाका. पाण्यातून निघालेले पिठाचे कण पाहिले की मुलांना दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

जेवणानंतर बडीशेप चघळणं चांगलं, कारण चावण्याने लाळ सुटते. रंगीत, साखरेचं कवच असलेली बडीशेप घेतली तर तो फायदा गेला. शेवटी चार भाजके शेंगदाणे किंवा पनीरचा तुकडा खाल्ला तरी चालतं. दोन्हींत साखर जवळजवळ नाही आणि चावावं लागतं. सुपारीची सवय मात्र मुलांना कधीही लावू नये, आणि मशेरी लावून दात घासणं म्हणजे तंबाखू हिरडीला चोळणं.

चौकट: पाच दिवसांपुरतं

• फराळ ठरलेल्या वेळीच, दिवसातून दोन-तीनदा, जेवणासोबत किंवा चहासोबत. मधल्या वेळी डबा बंद.
• पाहुण्यांकडे गेल्यावर बशी नाकारू नका. पण बशी संपवा आणि उठा, दोन तास चरत बसू नका.
• प्रत्येक फराळानंतर पाण्याची खळखळून चूळ. मधल्या वेळी तहान लागली तर साधं पाणी.
• रात्री झोपण्याआधी दोन मिनिटं ब्रश. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही.

रात्रीचा ब्रश सर्वांत मोलाचा

झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दिवसा तासाभरात निवळणारं आम्ल रात्री तसंच साचून राहतं. म्हणून फटाके उडवून दमून आलेलं मूल अनारसा खाऊन तसंच झोपलं, तर त्या एका अनारशाचं ओझं दाताला दिवसाच्या कितीतरी पट वाहावं लागतं. दिवसातला एखादा ब्रश चुकला तरी चालेल, रात्रीचा चुकू देऊ नका.

पेस्टमध्ये फ्लोराइड असावं. परत बसणाऱ्या कॅल्शियमबरोबर ते स्फटिकात शिरतं आणि असा दुरुस्त झालेला स्फटिक आम्लाला आधीइतकी दाद देत नाही. पुड्यावर साधारण 1000 पीपीएम लिहिलेलं असतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला मटाराच्या दाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तसा ब्रशभर गोळा नको. घासून झाल्यावर फेस थुंकायचा, पण चूळ भरून सगळं धुऊन काढायचं नाही. थोडं फ्लोराइड दातांवर राहिलं तर रात्रभर काम करतं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा ब्रश मोठ्यांनी हातात घ्यावा, कारण त्यांचा हात मागच्या दाढांपर्यंत नीट पोचत नाही.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त असतं आणि मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर असू नये, अशी आपल्याकडची मर्यादा आहे. अशा गावांत लहान मुलांना कोणती पेस्ट द्यायची, हे दंतवैद्यांना विचारूनच ठरवावं.

आजी-आजोबांचे दात

घरात दातांची काळजी मुलांच्याच वाट्याला येते, पण धोका ज्येष्ठांनाही तितकाच आहे. वयानुसार हिरडी मागे सरते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल नसतं. त्यामुळे मूळ कमी आम्लातही विरघळतं. त्यात रक्तदाबाच्या आणि इतर काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, मधुमेहातही पडतं. म्हणजे ऊन देणारी लाळच कमी. अशा आजोबांनी तोंड ओलं राहावं म्हणून दिवसभर खडीसाखर किंवा लिमलेटची गोळी गालात धरली, तर वर्षभरात चार-पाच मुळं किडू शकतात. त्यांच्याजवळ पाण्याचं भांडं ठेवावं. कवळी असेल तर फराळानंतर काढून धुवावी आणि रात्री तोंडाबाहेर, पाण्यात ठेवावी.

टॉर्च घेऊन एकदा पाहा

तुळशीचं लग्न होईपर्यंत फराळ संपत आलेला असतो. एखाद्या निवांत सकाळी मुलाला मांडीवर आडवं घ्या, वरचा ओठ हलकेच उचला आणि मोबाइलचा टॉर्च पाडून हिरडीलगतचा भाग पाहा. तिथे खडूसारखी मळकट पांढरी रेघ दिसली, तर तो कडप्प्यावरचा डाग समजा. इथवर दात वाचतो: वारंवार खाणं थांबवलं, फ्लोराइडची पेस्ट नेमाने लावली, तर लाळ ती रेघ भरून काढू शकते. रंग तपकिरी-काळा झाला असेल, नख अडकत असेल किंवा गार पाण्याने कळ येत असेल, तर खड्डा आतल्या मऊ थरापर्यंत गेला आहे. तो आपोआप भरत नाही. दुखत नाही म्हणून थांबू नका. इनॅमलला संवेदना नसते, त्यामुळे पहिली ठणक येईपर्यंत बराच दात गेलेला असतो.

नंतर मागच्या दाढा मोजा. सहा वर्षं ओलांडलेल्या मुलाच्या जबड्यात दुधाच्या दोन दाढांच्या मागे तिसरी दिसत असेल, तर ती कायमची आहे. तिच्या खाचा खोल असतात, ब्रशचे केस तिथे पोचत नाहीत. दंतवैद्य त्या खाचा एका पातळ राळेने बुजवून देऊ शकतात, त्याला सीलंट म्हणतात. भूल लागत नाही, दात कोरावा लागत नाही, काही मिनिटांत होतं. माझ्या मुलीच्या त्या एका दाढेत चांदी भरावी लागली. उरलेल्या तिन्हींच्या खाचा आम्ही त्याच आठवड्यात बुजवून घेतल्या. ती आता बारावीत आहे आणि त्या तीन दाढा अजून कोऱ्या आहेत.